हात बसतो तेव्हा लक्ष कुठे असतं?

टायपिंग, ड्रायव्हिंग, बॅटिंग, आरशात बघून रेघा ओढणं. डोळ्यांनी पाहून हातापायांनी करायच्या कामांविषयी या महिन्यात बरीच पत्रं आली. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकच होता: शिकताना सोबत दुसरं काही चालू ठेवलं तर बिघडतं का? त्यातल्या निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझी मुलगी मराठी टायपिंगच्या मिनिटाला ३० शब्दांच्या परीक्षेची तयारी करते आहे, इनस्क्रिप्ट पद्धतीने (भारतीय भाषांसाठीची कळांची प्रमाण मांडणी). रोज दोन तास बसते, पण शेजारी मोबाइलवर मालिका चालू असते. ‘हात आपोआप चालतो, डोकं रिकामंच असतं,’ असं तिचं म्हणणं. तीन महिने झाले, वेग १८ च्या पुढे सरकत नाही. मालिकेचा संबंध असेल का? (एक पालक, कऱ्हाड)

उत्तर : असेल, आणि तो कुठे असेल तेही सांगता येतं. हात चालणं वेगळं आणि हात बसणं वेगळं.

टायपिंग करताना नजर बोटांच्या थोडी पुढे धावत असते. बोटं एका अक्षरावर असतात तेव्हा डोळे पुढची काही अक्षरं टिपून मोकळे झालेले असतात. नजर मोबाइलकडे वळली की ही आघाडी मोडते. परत आल्यावर ओळ शोधायची, आणि मग पहिली काही अक्षरं नवशिक्यासारखी एकेक करून उमटतात. मालिका न बघता नुसती ऐकली तरी तिचे संवाद मराठीतच असतात, त्यामुळे उताऱ्यातले शब्द आणि संवादातले शब्द एकाच दारात गर्दी करतात. बिनशब्दांचं वाद्यसंगीत त्या मानाने कमी त्रासाचं.

आता इनस्क्रिप्टचं. यात काना-मात्रा-वेलांट्या डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताकडे आहेत. ‘किती’, ‘पाटी’, ‘काका’ हे शब्द उजवा-डावा, उजवा-डावा अशा ठेक्यात पडतात आणि लवकर बसतात. मालिका बघत केलेल्या सरावातही बसतात, म्हणून तिला हात आपोआप चालतोय असं वाटतं. गाडी अडते जोडाक्षरांशी. ‘विद्यार्थी’ घ्या: व, ह्रस्व वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, शिफ्ट धरून थ, दीर्घ वेलांटी. वर उलटापालट अशी की हाताने लिहिताना रफार शेवटी देतो, इथे तो र आधी येतो. ह्रस्व वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी काढतो, इथे ती नंतर येते. ही जुनी सवय मोडायला लक्ष लागतं, आणि नेमकं तेच मालिकेकडे गेलेलं असतं. वेग सोप्या शब्दांवर ठरत नाही. अडणाऱ्या शब्दांवर जी सेकंदं सांडतात, ती १८ चे ३० होऊ देत नाहीत.

दुसरी खोट बॅकस्पेसची. चूक झाली की लगेच पुसायची सवय असेल तर बोटं ‘चुकीची कळ, बॅकस्पेस, बरोबर कळ’ अशी तीन ठोक्यांची साखळीच शिकून बसतात. लक्ष अर्धं असलं की ही साखळी फार लवकर पक्की होते.

तेव्हा दोन तासांचे २०-२० मिनिटांचे चार तुकडे करा, मध्ये दहा-दहा मिनिटं उठायचं. मोबाइल दुसऱ्या खोलीत. उलटा ठेवलेला पण शेजारीच असलेला चालणार नाही. पहिल्या तुकड्यात अडणारे बारा शब्द निवडा. १०० ठोक्यांत दोनपेक्षा जास्त चुका होणार नाहीत इतक्या सावकाश वेगाने करा, बॅकस्पेस बंद. पण एकच शब्द सलग दहा वेळा नको, बारा शब्द उलटसुलट क्रमाने यायला हवेत. असं मिसळून केल्यावर त्या दिवशी हात अडखळतो आणि सराव वाईट झाल्यासारखा वाटतो, पण दुसऱ्या दिवशी जास्त शिल्लक राहतं. हातांच्या हालचालींच्या बाबतीत १९७९ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात हे दिसलं आणि पुढे अनेकदा तपासलं गेलं. मधल्या दोन तुकड्यांत रोज नवे उतारे. शेवटच्या तुकड्यात घड्याळ लावून परीक्षेसारखा एक उतारा, मग चुका मोजून उद्याचे बारा शब्द काढायचे.

कळफलकाकडे बघायची सवय असेल तर हातांवर रुमाल टाका. र आणि ह्रस्व वेलांटीच्या कळांवर बोटाला लागणारा उंचवटा असतो, तिथे तर्जन्या ठेवून सुरुवात करायची. कळांचा नकाशा मात्र घोकायला लावू नका. २०१४ साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात सराईत टंकलेखकांना इंग्रजी कळफलकाचा कोरा आराखडा भरायला दिला, तर सरासरी पंधराच्या आसपास अक्षरंच त्यांना जागेवर लिहिता आली. बोटांना ठाऊक असतं ते तोंडाने सांगता येत नाही, आणि यायची गरजही नसते.

परीक्षेआधीचे पंधरा दिवस आवाज परत आणा. मालिका नव्हे, दहा-वीस कळफलकांचा खडखडाट आणि मध्येच सूचना देणारा पर्यवेक्षक. असं का, ते पुढे शिक्षकांच्या पत्राच्या उत्तरात येईल.

प्रश्न : गाडी शिकते आहे. शेजारी बसलेले माझे यजमान सारखे बोलत असतात: ‘क्लच हळू, आरसा बघ, मागून रिक्षा येतेय.’ गाडी तिथेच बंद पडते. ते म्हणतात, लक्षच नाही तुझं. आणि शिकून झाल्यावर हँड्सफ्रीवर बोललं तर चालतं ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : लक्ष आहे, पण तीन वाटण्या झालेलं आहे. दोन गोष्टींवर एकाच क्षणी निर्णय घ्यायची वेळ आली की मेंदू दुसरीला रांगेत उभं करतो. एकापाठोपाठ एक असे दोन इशारे दिले की दुसऱ्याला मिळणारा प्रतिसाद काही दशांश सेकंदांनी लांबतो, हे प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा मोजलं गेलंय. ताशी ४० किलोमीटरने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते; अर्धा सेकंद उशीर म्हणजे साडेपाच मीटर, रिक्षाच्या लांबीच्या दुप्पट.

सुरुवातीचे तीन दिवस रिकाम्या मैदानावर फक्त हाफ क्लच करा. पहिला गिअर, ॲक्सिलरेटरवर पाय नाही. क्लच इतका हळू सोडायचा की इंजिनचा आवाज जड होतो आणि गाडी किंचित पुढे ओढल्यासारखी होते. तिथे तीन सेकंद धरायचा, पुन्हा दाबायचा. असं वीस वेळा. पेट्रोल गाडी इथे लवकर बंद पडते, डिझेल जरा सांभाळून घेते. बंद पडली तर तुमची चूक म्हणून मोजू नका. डावा पाय हे न विचार करता करू लागला की मगच आरसे, मग स्टिअरिंग, मग रस्ता. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते, त्यामुळे घाई कसलीच नाही.

यजमानांसाठी दोन नियम. सूचना वळणाच्या शंभर मीटर आधी, एकच आणि दोन-तीन शब्दांची: ‘पुढे डावीकडे.’ आणि वळण चालू असताना तोंड बंद. खरा धोका दिसला तर फक्त ‘ब्रेक’.

हँड्सफ्रीचं उत्तर नाही. २००१ साली यूटा विद्यापीठात झालेल्या प्रयोगात फोनवर बोलताना चालकांकडून सिग्नल सुटण्याचं प्रमाण दुपटीहून अधिक झालं, आणि फोन हातात आहे की नाही याने फरक पडला नाही. नुसता रेडिओ ऐकल्याने तसं झालं नाही. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं फोनइतकं घातक नसतं, कारण समोर ट्रक आला की तोही गप्प होतो. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ हातात धरलेल्या फोनवर बोट ठेवतं म्हणून हात मोकळे ठेवले की आपण सुटलो असं अनेकांना वाटतं. दंडातून सुटलात इतकंच.

प्रश्न : बायकांना एका वेळी चार कामं जमतात, पुरुषांना नाही, हे खरं का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : याला भक्कम पुरावा नाही. ज्या बाईचा भाकरीवर हात बसलाय ती थापता थापता पोराला पाढे विचारू शकते, कारण थापायला तिला लक्ष लागत नाही. त्याच बाईला पहिल्यांदा स्कूटर द्या आणि पाढे विचारायला सांगा. २०१० साली २०० जणांना गाडीच्या सिम्युलेटरवर बसवून सोबत अवघड तोंडी काम दिलं, तेव्हा दोन्हींपैकी कशातच न घसरणारे फक्त अडीच टक्के निघाले, म्हणजे पाच जण. आपण त्या पाचांतले, असं वाचता वाचता वाटलं असेल तर जरा थांबा: सारखी दोन-दोन कामं एकदम करणारी माणसं चाचणीत बहुधा कच्ची निघतात.

प्रश्न : आठवीच्या मुलांना विज्ञान प्रदर्शनासाठी ‘लक्ष आणि शिकणं’ यावर प्रयोग करायचा आहे. खर्च कमी हवा, पण नुसता तक्ता नको, खरं मोजमाप हवं. (एक शिक्षक, बीड जिल्हा)

उत्तर : आरशात बघून तारा गिरवण्याचा प्रयोग घ्या. शंभर वर्षांहून जुना आहे आणि आरशापलीकडे फारसा खर्च नाही.

सामान : साधारण २० बाय ३० सेंटिमीटरचा सपाट आरसा, तो उभा ठेवायला दोन विटा, एक पुठ्ठा, पेन्सिल, स्टॉपवॉच. ए-फोर कागदावर पाच टोकांचा तारा काढा आणि त्याच्या आत ५ मिलिमीटर अंतर सोडून तसाच दुसरा. या दोन रेघांमधली गल्ली म्हणजे रस्ता. त्याच्या झेरॉक्स काढा, प्रत्येक मुलामागे दहा. ५ मिलिमीटरपेक्षा अरुंद गल्ली केली तर पोरं रडकुंडीला येतात, १० केली तर चुकाच होत नाहीत.

मांडणी : कागद मुलासमोर, कागदाच्या पलीकडच्या कडेला आरसा उभा. हात आणि कागद थेट दिसू नयेत म्हणून वरून पुठ्ठ्याचा आडोसा. मुलाने फक्त आरशात बघून पेन्सिल गल्लीतून फिरवायची, वरच्या टोकापासून सुरू, घड्याळाच्या दिशेने, पेन्सिल न उचलता. या मांडणीत डावं-उजवं बदलत नाही, जवळचं-लांबचं मात्र उलटं होतं. म्हणून आडव्या रेघा जमतात आणि तिरक्या रेघांवर हात भलतीकडे जातो. टोकांवर तर काही मुलांचा हात थरथरत जागीच अडकतो. त्या वेळी मदत करू नका. चार मिनिटांत तारा पुरा झाला नाही तर थांबवा आणि कुठवर पोचला त्याची नोंद करा.

दुसरं काम : मोबाइलवर आधीच ध्वनिमुद्रण करून ठेवा. दर दीड सेकंदाला एक आवाज, कधी टाळी, कधी चुटकी, क्रम ठरीव नाही. तारा गिरवताना मुलाने फक्त टाळ्या मोजायच्या आणि शेवटी आकडा सांगायचा. अशी पाच-सहा वेगवेगळी ध्वनिमुद्रणं लागतील, नाहीतर मुलं आकडा पाठ करतात. स्वर मोजायला लावून हाताचं शिकणं तपासायची ही पद्धत १९८७ च्या एका गाजलेल्या प्रयोगात वापरली गेली. ठरावीक क्रमाने कळा दाबायचं शिकणं स्वर मोजताना चांगलंच अडलं होतं.

गट : ३२ मुलं, आठ-आठचे चार गट, चिठ्ठ्या टाकूनच. मित्रांना एकत्र येऊ दिलं की चित्रकलेत हात चालणारी पोरं एकाच गटात जमतात. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आठ तारे, दुसऱ्या दिवशी चाचणीचे दोन. पहिला गट दोन्ही दिवस शांततेत. दुसरा शांततेत शिकेल, चाचणी टाळ्यांसह. तिसरा टाळ्यांसह शिकेल, चाचणी शांततेत. चौथा दोन्ही दिवस टाळ्यांसह. प्रत्येक ताऱ्याला लागलेली सेकंदं आणि गल्लीबाहेर गेलेल्या रेघा वेगवेगळ्या लिहा. दोन्ही मिळवून एकच ‘गुण’ काढू नका. काही मुलं घाईने चुकतात, काही जपून उशीर लावतात, आणि बेरजेत ते झाकून जातं.

सगळ्यांत जास्त फसगत टाळ्यांच्या बाबतीत होते. तारा अवघड गेला की मूल मोजणं गुपचूप सोडून देतं आणि शेवटी अंदाजाने आकडा ठोकतं. मग तुम्ही मोजताय ते दोन कामांचं नव्हे, एकाच कामाचं शिकणं. खऱ्या आकड्यापासून तीनपेक्षा जास्त फरक आला तर तो तारा बाद धरा आणि किती तारे बाद झाले तेही तक्त्यावर दाखवा. ज्यांची पाळी यायची आहे ती मुलं खोलीबाहेर हवीत, कारण नुसतं बघूनही बरंच कळतं.

तिसरा आणि चौथा गट शेजारी ठेवून बघा, मजा तिथे आहे. २०१५ साली ब्राउन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी याच्या जवळचा प्रयोग केला. पडद्यावरचा ठिपका हाताच्या दिशेने न जाता ठरावीक अंशांनी फिरून जायचा, आणि तो लक्ष्यावर न्यायला शिकायचं. काहींना त्याच वेळी पडद्यावर एकामागोमाग येणाऱ्या चिन्हांवर नजर ठेवायचं दुसरं काम दिलं. या लोकांची चाचणी दुसऱ्या कामाविना घेतली तेव्हा ते जवळपास नवशिक्यांसारखे चाचपडायला लागले. दुसरं काम परत दिलं की शिकलेलं परत येत होतं, अगदी ते काम वेगळ्या प्रकारचं असलं तरी. म्हणजे ‘लक्ष वाटलेलं असणं’ ही अवस्थाच त्या शिकण्याला चिकटली होती. एरवी आपण म्हणतो, विचलित होऊन शिकलेलं कच्चं राहतं. इथे ते कच्चं नव्हतं, कुलपात होतं.

तुमच्या मुलांत हे दिसेलच असं नाही. आरशातला तारा हे काम वेगळं आहे आणि आठ-आठ मुलं म्हणजे थोडी. सरासरीच्या खांबांऐवजी आलेखावर प्रत्येक मुलाचा ठिपका लावा, आणि जे येईल तेच मांडा. तक्त्याच्या कोपऱ्यात जागा उरली तर हेही लिहा: मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नव्या आठवणी धरून ठेवता न येणाऱ्या हेन्री मोलेसन या रुग्णाने तीन दिवस असाच तारा गिरवला. दर दिवशी त्याचा हात सुधारत गेला, आणि आपण हे आधी केलंय हे त्याला एकदाही आठवलं नाही. ब्रेंडा मिल्नर यांनी हे नोंदवलं.

प्रश्न : शल्यचिकित्सेचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी घरी बॉक्स ट्रेनरवर (सरावाच्या पेटीवर) रात्री सराव करतो. पेग ट्रान्सफर, म्हणजे खुंट्यांवरचे तुकडे उपकरणांनी पलीकडे नेणं, व्यवस्थित होतं. ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) मात्र हात अडखळतो. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : वरचं उत्तर तुम्हालाही लागू आहे. छिद्रातून आत गेलेलं उपकरण तरफेसारखं फिरतं: मूठ उजवीकडे नेली की टोक डावीकडे. हे उलटेपण तुम्ही रात्रीच्या शांततेत, एकट्याने, बसून शिकलात. ओटीत तुम्ही उभे असता, मॉनिटर दुसऱ्या उंचीवर असतो, भूल देणारे काही विचारतात, सर शरीररचनेचा प्रश्न टाकतात.

पण म्हणून पहिल्या दिवसापासून गोंगाट लावू नका. चुकलेल्या हालचालीतून दुरुस्ती उचलायला सुरुवातीला पूर्ण लक्ष लागतं. सहाच्या सहा तुकडे डाव्या हाताने उचलून, हवेत उजव्या हातात देऊन पलीकडे ठेवणं आणि तसेच परत आणणं, हे ३०० सेकंदांच्या मर्यादेच्या बरंच आत, एकही तुकडा न पाडता, सलग तीन दिवस जमू द्या. त्यानंतर प्रत्येक बैठकीचा एक तृतीयांश भाग ओटीसारखा करा: हातमोजे घालून उभं राहून, पडदा एक वीत उंच किंवा बाजूला सरकवून, आणि सहकाऱ्याला औषधांचे डोस नाहीतर रक्तवाहिन्यांच्या शाखा विचारायला लावून. उत्तर मोठ्याने द्यायचं, हात थांबवायचा नाही. उरलेले दोन भाग शांततेतच ठेवा. ओटी कधी कधी शांतही असते. पडलेले तुकडे दोन्ही अवस्थांत वेगळे मोजा. वेळ टिकून फक्त पडलेले वाढले तर बोलताना तुम्ही घाई करताय, आणि वेळच लांबली तर हालचाल अजून बसायची आहे, बोलणं आठवडाभर पुढे ढकला.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा, फलंदाज. नेट्समध्ये त्याला डोकं स्थिर, कोपर वर, पुढचा पाय चेंडूकडे, पकड सैल, बॅट सरळ असं सांगितलं जातं. नेट्समध्ये जमतं, सामन्यात हात आखडतात. (एक पालक, पुणे)

उत्तर : पाचही सूचना बरोबर आहेत, एकदम दिल्यामुळे फुकट जातात. एक ना धड, भाराभर चिंध्या. त्यात पाचही त्याच्या स्वतःच्या शरीराबद्दल आहेत.

१९९८ साली स्कीइंगच्या यंत्रावर शिकणाऱ्यांपैकी काहींना पायांकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि काहींना पायांखालच्या चाकांकडे. चाकांवर लक्ष ठेवणारे जास्त चांगलं शिकले. अंतर जेमतेम काही सेंटिमीटरचं, पण लक्ष शरीरावर नव्हतं, परिणामावर होतं. २००२ च्या आणखी एका प्रयोगात मुरलेल्या फुटबॉलपटूंना आपला पाय चेंडूला कुठल्या बाजूने लागतोय याकडे लक्ष द्यायला लावलं, तर सराईत पायाने ते संथ झाले; कच्च्या पायाने मात्र सुधारले. तेव्हा ‘कोपर वर’ ही सूचना जो फटका अजून बसलेलाच नाही तिथे उपयोगी, बसलेल्या फटक्यात ती खोडा घालते. मुलाचे कुठले फटके कुठल्या यादीत, हे आधी प्रशिक्षकांकडून लिहून घ्या.

सूचनेचे शब्द बदलून बघा. ‘कोपर वर’ऐवजी ‘बॅटचा पूर्ण चेहरा गोलंदाजाला दाखव’. ‘पाय पुढे’ऐवजी ‘टप्प्याजवळ जा’. सहा चेंडूंना एकच सूचना, पुढच्या सहांना दुसरी, मग सहा चेंडू काहीच न बोलता. चांगले फलंदाज चेंडूकडे सबंध वेळ बघतही नाहीत. २००० साली नजर टिपणाऱ्या कॅमेऱ्याने दिसलं की हातातून सुटताना ते चेंडू पाहतात, मग नजर उडी मारून टप्पा पडायच्या जागेवर आधीच जाऊन थांबते. याच्या सरावासाठी काही चेंडूंवर लाल आणि काहींवर पांढरी चिकटपट्टी लावा, आणि चेंडू हातातून सुटताच मुलाने टप्पा पडायच्या आत रंग ओरडायचा. सुरुवातीला थ्रो-डाउन (नुसते हाताने फेकलेले चेंडू), दहा-बारा मीटरवरून, हळू. रंग बरोबर पण फटका चुकतोय असं झालं तर वेग कमी करा. रंगच उशिरा येत असेल तर नजर गोलंदाजाच्या हाताऐवजी तोंडाकडे आहे.

सामन्याआधीच्या दोन दिवसांत नवी सूचना नको. सीमारेषेबाहेरून ओरडून दिलेली तर नकोच, तुमचीही नाही.